विश्लेषण : ऑस्ट्रेलियाला जायचंय, पण ‘कोणता’ इंजिनिअर म्हणून? हुद्दा नको, काम बघा

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. चाकणच्या एका कारखान्यात तो आठ वर्षं नोकरी करतोय. हॅलो नाही, काही नाही, थेट प्रश्न : ‘‘अरे, तू अजून इंजिनिअर आहेस ना? मग सांग, मी कोण आहे?’’

दादाला ऑस्ट्रेलियाच्या कायमस्वरूपी व्हिसासाठी अर्ज करायचाय. त्याआधीची पायरी म्हणजे स्किल्स असेसमेंट, तुमचं शिक्षण आणि काम तिथल्या मापाने मोजून घेणं. बहुतांश इंजिनिअरिंग व्यवसायांसाठी हे काम ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. तिच्या अर्जात सुरुवातीलाच विचारलं जातं : तुमची कॅटेगरी कोणती?

दादाने तीन ठिकाणी विचारलं होतं. एका कन्सल्टंटने सांगितलं, ‘‘तुमच्या कार्डावर असिस्टंट मॅनेजर आहे, मॅनेजर टाका, वजन पडतं.’’ दुसरा म्हणाला, ‘‘टेक्नॉलॉजिस्ट टाका, सोपं जातं.’’ तिसऱ्याने काहीच न विचारता कोटेशन पाठवलं, तीन प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून देण्यासह.

मी स्वतः मेकॅनिकल, २०१९ ची बॅच. माझ्या वर्गातल्या निम्म्या ग्रुपवर सध्या हीच चर्चा असते. म्हणून हे सविस्तर. आणि आधीच सांगतो, यातली काही मतं माझी आहेत.

कॅटेगरी किती आणि फरक काय?

चार कॅटेगरी आहेत. प्रोफेशनल इंजिनिअर, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट, इंजिनिअरिंग असोसिएट आणि इंजिनिअरिंग मॅनेजर. पहिल्या तिन्हींचा पाया शिक्षणाच्या लांबीवर आहे. प्रोफेशनलला चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी, टेक्नॉलॉजिस्टला तीन वर्षांची, असोसिएटला दोन वर्षांच्या प्रगत डिप्लोमाच्या तोडीचं शिक्षण. आपला दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा सर्वसाधारणपणे या तिसऱ्या खान्यात जातो.

पण नुसतं शिक्षण पुरत नाही, कामाची जातही बघितली जाते. प्रोफेशनल इंजिनिअर संपूर्ण प्रणालीचा विचार करतो : गरज काय, पर्याय कोणते, धोका किती, निवड का केली. टेक्नॉलॉजिस्ट एखाद्या तंत्रशाखेत खोल उतरून असलेलं तंत्र नव्या जागी बसवतो, सुधारतो. असोसिएटचं काम स्टँडर्ड आणि कोड हातात घेऊन निवडणं, बसवणं, तपासणं, चालू ठेवणं हे. कारखान्यात तिघेही शेजारीशेजारी उभे असतात आणि तिघांनाही आपल्याकडे ‘इंजिनिअर साहेब’च म्हणतात. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

याशिवाय दुसरी एक निवड करावी लागते, ती व्यवसायाच्या कोडची. प्रोफेशनल इंजिनिअर ही कॅटेगरी झाली. त्यात सिव्हिल इंजिनिअर (२३३२११), मेकॅनिकल इंजिनिअर (२३३५१२), प्रॉडक्शन ऑर प्लांट इंजिनिअर (२३३५१३) असे वेगवेगळे व्यवसाय येतात. हे दोन प्रश्न लोक एकच समजतात. दादाही समजत होता.

पदवी चार वर्षांची, म्हणजे आपोआप प्रोफेशनल?

नाही. आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

जून २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला. करारातले देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदव्या समतुल्य धरतात. ही बातमी तेव्हा गाजली आणि ‘आता आपली बीई जगात चालणार’ असा समज घट्ट झाला. प्रत्यक्षात करार लागू होतो तो एनबीएने टिअर-१ खाली मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांना, तेही मान्यतेच्या काळात उत्तीर्ण झालेल्यांना. टिअर-१ म्हणजे मुख्यतः विद्यापीठं आणि स्वायत्त संस्था. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुसंख्य कॉलेजांचे अभ्यासक्रम टिअर-२ मध्ये येतात आणि ती मान्यता या करारात धरली जात नाही.

कॉलेजच्या कमानीवर ‘नॅक ए प्लस’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. नॅक संस्थेचं मूल्यांकन करते, एनबीए अभ्यासक्रमाचं. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला मान्यता आणि सिव्हिलला नाही, असंही होतं. एआयसीटीईची मंजुरी ही तर तिसरीच गोष्ट.

ज्यांची पदवी करारात बसत नाही त्यांचा रस्ता बंद होत नाही, लांब होतो. त्या रस्त्याचं नाव सीडीआर, म्हणजे आपली क्षमता स्वतः लिहून सिद्ध करणारा अहवाल. महाराष्ट्रातले बरेच अर्जदार याच रस्त्याने जातात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांसाठी एक सूचना : पदवीसोबत डिप्लोमाच्या गुणपत्रिकाही जोडा. पहिल्या वर्षाची सूट कशाच्या जोरावर मिळाली हे कागदावर दिसलं पाहिजे, नाहीतर पाहणाऱ्याला तुमच्या हातात तीनच वर्षांचे निकाल दिसतात. दादा याच गटातला. डिप्लोमाची सर्टिफिकेटं गावी, आत्याच्या कपाटात. ती आणायला एक शनिवार गेला.

सीडीआरमध्ये असतं काय?

तीन ‘करिअर एपिसोड’, प्रत्येकी साधारण १,००० ते २,५०० शब्दांचे. तुम्ही केलेलं एखादं काम, प्रोजेक्ट किंवा सोडवलेली अडचण. नोकरीतलं चालतं, कॉलेजातलंही चालतं. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा. मग एक सारांश-तक्ता, ज्यात क्षमतेचा प्रत्येक घटक कोणत्या परिच्छेदात सिद्ध होतो ते दाखवायचं. प्रोफेशनल इंजिनिअरसाठी असे १६ घटक आहेत. सोबत निरंतर शिक्षणाची यादी, सीव्ही आणि इंग्रजीची परीक्षा; आयईएलटीएस दिली तर चारही भागांत किमान ६.

या तक्त्यातले घटक कॅटेगरीनुसार बदलतात. म्हणजे आधी एपिसोड लिहून नंतर कॅटेगरी ठरवायची, हे जमत नाही. टेक्नॉलॉजिस्टच्या मापाने लिहिलेला अहवाल प्रोफेशनलच्या खिडकीत दिला की तो तोकडा पडतो.

आता मूळ दुखणं. माझ्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी मिळून एका दुकानातून घेतला होता. मॉडेल, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, सगळं पॅकेज. व्हायव्हाच्या आदल्या रात्री आम्ही त्याचं काम कसं चालतं ते पाठ केलं. मार्क उत्तम पडले. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांनी आत्ता मान डोलावली असेल. सीडीआर लिहायला बसलं की ही उधारी परत दारात येते. तिथे प्रश्न असतो : तुम्ही स्वतः काय केलंत? कोणतं गणित केलंत, कोणता पर्याय नाकारलात, का?

मग पुन्हा तेच सुचतं, विकत घ्या. बाजार तयार आहेच. पण इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया आलेला मजकूर साहित्यचोरीसाठी तपासते. तोच ‘कन्व्हेयरचा प्रोजेक्ट’ दहा नावांनी गेलेला असतो. पकडलं गेलं तर अर्ज नामंजूर होतो, ठरावीक काळ पुन्हा अर्ज करण्यावर बंदी येऊ शकते आणि माहिती तिथल्या गृह खात्यापर्यंत जाऊ शकते.

वेळ जाण्याची किंमत इथे गुणांत मोजता येते. पॉइंट्सवर आधारलेल्या व्हिसात २५ ते ३२ वयाला ३० गुण आहेत. वयाची तेहतीस वर्षं पूर्ण झाली की २५. किमान पात्रता ६५ गुणांची असली तरी निमंत्रणं वरच्या गुणांपासून जातात, त्यामुळे पाच गुण म्हणजे किरकोळ नव्हे. दादा ३१ चा आहे.

मग ‘मॅनेजर’ का नको?

कारण आपल्याकडचे हुद्दे फुगलेले असतात. पाच वर्षांत पगार फारसा वाढवता येत नाही म्हणून कंपनी ‘असिस्टंट मॅनेजर’ करते. हाताखाली दोन ऑपरेटर आणि एक ट्रेनी. इंजिनिअरिंग मॅनेजर (१३३२११) या कॅटेगरीत बघितलं जातं ते वेगळंच : तुम्ही इंजिनिअरिंग विभागाचं नियोजन, बजेट, माणसं, धोरण चालवता का? त्यासाठी कंपनीचा संघटन-तक्ता मागतात, त्यात तुमची जागा आणि तुमच्या खालचे स्तर दिसावे लागतात. दादाच्या तक्त्यात त्याच्या डोक्यावर चार चौकोन होते. कार्डावरचा शब्द तिथे काय कामाचा?

आणि ‘टेक्नॉलॉजिस्ट’ खरंच सोपं?

हा सल्ला मला अर्धवट पटतो. भारतात तीन वर्षांची इंजिनिअरिंग पदवी फारशी नसल्याने हा शब्द आपल्याला अनोळखी आहे आणि ऐकायला कमीपणाचा वाटतो. ‘‘चार वर्षं बीई करून टेक्नॉलॉजिस्ट?’’ हे मामाचे शब्द. पण पॉइंट्सच्या तक्त्यात बॅचलर पदवीला १५ गुण आहेत, तीन वर्षांची की चार वर्षांची असा भेद तिथे नाही. कधीकधी प्रोफेशनलसाठी अर्ज केलेल्याला छाननीनंतर ‘तुम्ही टेक्नॉलॉजिस्टमध्ये बसता’ असा निकाल मिळतो. तो अपमान नसतो, कागदावर जे दिसलं त्याचं माप असतं. काम खरोखर त्या प्रकारचं असेल तर ती कॅटेगरी सरळ निवडावी.

फक्त ‘सोपं’ म्हणून निवडू नये. दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, तुमचा व्यवसाय कोणत्या यादीत आहे. सबक्लास १८९ या स्वतंत्र व्हिसासाठी सगळे व्यवसाय चालत नाहीत. काहींसाठी राज्याचं नामांकन लागणारे १९० किंवा ४९१ हेच मार्ग उरतात, आणि याद्या बदलत राहतात. उलट असोसिएट स्तरावरच्या सिव्हिल ड्राफ्ट्सपर्सनसारख्या कोडला मागणीच्या मुख्य यादीत जागा मिळालेली आहे, हे पदवीच्या रुबाबात आपल्या लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट, तिथे गेल्यावरचं काम. क्वीन्सलँडमध्ये कोणाच्या देखरेखीशिवाय व्यावसायिक इंजिनिअरिंग सेवा द्यायची तर राज्याची नोंदणी लागते, आणि ती प्रोफेशनल इंजिनिअरच्या मापाने तोलली जाते. व्हिक्टोरियानेही २०१९ मध्ये नोंदणीचा कायदा केला. आज सोपं म्हणून घेतलेला शिक्का उद्या तिथे आडवा येऊ शकतो.

हिंजवडीत असाल तर?

थोडक्यात : सॉफ्टवेअर इंजिनिअर (२६१३१३) या कोडचं मूल्यमापन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करत नाही, ते ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते. मेकॅनिकल करून आयटीत गेलेल्यांना पदवीच्या जोरावर मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून मूल्यमापन मागता येतं, पण मग कोडिंगची वर्षं त्या व्यवसायाचा अनुभव म्हणून मोजली जात नाहीत. दोन्ही बाजूंची बेरीज करून बघा, मगच फी भरा.

कन्सल्टंटबद्दलही एक. ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सर्वसाधारणपणे नोंदणी क्रमांक लागतो, आणि तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर ते बंधन नाही. म्हणून क्रमांक विचारा. नसेल तर तो फक्त फॉर्म भरून देणारा आहे असं समजून तेवढेच पैसे द्या.

दादाचं काय झालं?

आम्ही एका रविवारी बसलो आणि कॅटेगरीचं नावच काढलं नाही. मी त्याला गेल्या तीन वर्षांत केलेली कामं लिहायला सांगितली, हुद्दा न लिहिता. पहिली दोन पानं ‘ब्रेकडाऊन अटेंड केले’, ‘स्पेअर मागवले’ यात गेली. तेवढंच असतं तर मी त्याला प्रोफेशनलसाठी लिही म्हटलं नसतं. तिसऱ्या पानावर मात्र एक गोष्ट आली. पेंट शॉपचा एक कन्व्हेयर सारखा बंद पडायचा. त्याने चार महिन्यांच्या नोंदी काढल्या, भार पुन्हा मोजला, ड्राइव्हची जागा बदलण्याचे तीन पर्याय मांडले, खर्चाचा हिशेब केला आणि सगळ्यात स्वस्त पर्याय सुरक्षिततेसाठी नाकारला. प्लांट हेडशी भांडण झालं तेही त्याने लिहिलं.

मग त्याने कोडची वर्णनं वाचली. मेकॅनिकल इंजिनिअरच्या वर्णनापेक्षा प्रॉडक्शन ऑर प्लांट इंजिनिअरचं वर्णन, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रसामग्रीची रचना, बदल, देखभाल आणि उत्पादनाचं नियोजन, हे त्याच्या रोजच्या कामाशी जास्त जुळलं. कॅटेगरी प्रोफेशनल, कोड २३३५१३. एचआरकडून मिळणाऱ्या पत्रात हुद्द्याबरोबर हीच कामं लिहून मिळावीत म्हणून तो आता रोज एक मेल टाकतोय.

पहिला एपिसोड त्याने परवा पाठवला. दहा ठिकाणी ‘आम्ही ठरवलं’ आणि सहा ठिकाणी ‘ठरवण्यात आलं’ होतं. मी सगळीकडे लाल खूण करून परत पाठवला. रात्री फोन आला : ‘‘मीच ठरवलं होतं रे, पण असं लिहायची सवयच नाही.’’ दुसरा मसुदा शुक्रवारी येतोय.