दमसासाची नवी पत्रिका

मुलाची लाळ बाटलींत भरून पाठवावी आणि तो लांब पल्ल्याचा धावपटु होईल कीं नाहीं याचा निकाल घरीं मागवावा, असा एक व्यापार हल्लीं चालला आहे. जन्मपत्रिकेस हसणारी सुशिक्षित मंडळीच या नव्या पत्रिकेसाठीं पैसे मोजतात, याचें आम्हांस नवल वाटतें. जुन्या जोशीबुवांस निदान ग्रहशांति तरी ठाऊक होती. येथें तोहि उपाय नाहीं.

या मताचे पुरस्कर्ते फिनलंडच्या ईरो मॅन्टिरांटा याचें नांव पुढें करितात. या स्कीइंगपटूनें १९६०, १९६४ व १९६८ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत सात पदकें मिळविलीं. त्यांत तीन सुवर्णाचीं. त्याच्या रक्तांत तांबड्या पेशी इतक्या अधिक होत्या कीं, लबाडीचा संशय घेतला गेला. १९९३ सालीं उलगडा झाला. तांबड्या पेशी वाढविण्याचा संदेश एरिथ्रोपोएटिन हें संप्रेरक देतें. तो झेलणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांत बदल होऊन त्या प्रथिनाचीं शेवटचीं ७० अमिनो आम्लें गळालीं होतीं. त्या शेपटांतच वाढीचा लगाम असतो. तो गेल्यानें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति वाढली. हें सर्व खरें आहे, व तें नाकारण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं.

पण याच घराण्यांतील ९७ जणांची तपासणी झाली, तेव्हां २९ जणांत तोच बदल आढळला. त्यांतून ऑलिंपिक पदकापर्यंत पोंचलेले मोजूं गेल्यास एका हाताचीं बोटेंहि पुरतीं लागत नाहींत! रक्त तेंच, मग बाकीच्यांचीं पदकें कोठें गेलीं? शिवाय १९६० चें सुवर्णपदक सांघिक शर्यतीचें. त्या संघांतील इतर तिघे या घराण्यांतले नव्हते. त्यांस कोणत्या जनुकानें पळविलें?

दुसरा आधार कॅनडा-अमेरिकेंतील ‘हेरिटेज’ संशोधनाचा. व्यायामाची संवय नसलेल्या शेंकडों माणसांस वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. कोणाची प्राणवायु वापरण्याची शक्ति मिनिटास लिटरभर वाढली, कोणाची जवळजवळ जागच्या जागीं राहिली. या तफावतीपैकीं जास्तींत जास्त ४७ टक्के वांटा आनुवंशिक, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. एवढ्यावरून ‘तुमच्या बाळूचा निम्मा दम जन्मतःच ठरला’ असें सांगणें म्हणजे शुद्ध गोंधळ होय. हा आंकडा जमावांतील माणसामाणसांमधील फरकाचा आहे. एकट्या बाळूच्या छातीचा नव्हे. पुढें २०१६ सालीं निरनिराळ्या देशांतील १,५२० नामवंत खेळाडूंच्या जनुकांची छाननी झाली; तींतहि विजेत्यांची म्हणून सर्वत्र लागू पडणारी खूण सांपडली नाहीं. त्यापूर्वींच, २०१५ सालीं, या विषयांतील तज्ज्ञांनीं एकत्र येऊन मुलांतील गुण हेरण्याच्या कामीं या चाचण्यांस स्थान नाहीं असें स्पष्ट लिहिलें होतें. तें विक्रेत्यांनीं वाचलें नसेल, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

आमचा प्रश्न विक्रेत्यांस नाहीं, पालकांस आहे. दहा वर्षांच्या मुलीस लाळेच्या निकालावरून मैदानावरून परत आणण्यापूर्वीं तिची मैलभर धांव आपण एकदां तरी घड्याळ लावून पाहिली होती काय?