मंगोल आले नाहीत, वसुली आली

१२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेड राजाला जनसागर लोटतो. तिथल्या व्याख्यानांत जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधव यांचा वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेला जातो, आणि मग देवगिरी बुडाली कशी हा विषय ओघाने येतोच. या विषयावर हल्ली दोन मतं फार ठामपणे मांडली जातात. एक मत असं की, मंगोलांचा आणि आपल्या मुलखाचा काडीचाही संबंध नाही, कारण ते नर्मदेच्या खाली उतरलेच नाहीत. दुसरं मत असं की, अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली खरी, पण मंगोलांना अडवून त्याने अख्खा हिंदुस्थान वाचवला, म्हणून दक्षिणेने त्याचे उपकार मानावेत. ही दोन्ही मतं मला मान्य नाहीत. दुसऱ्याचा प्रतिवाद केला की पहिलंही आपोआप कोसळतं, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. मंगोलांचं संकट खोटं नव्हतं. १२२१ मध्ये निशापूर आणि मर्व या भरल्या शहरांची त्यांनी स्मशानं केली. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद बुडवलं आणि खलिफाला ठार मारलं. चंगीझखान स्वतः १२२१ मध्ये सिंधूच्या काठापर्यंत येऊन परतला होता. पुढे १२९९ मध्ये मंगोल सरदार कुतलुग ख्वाजा दिल्लीजवळ कीलीपर्यंत आला. १३०३ मध्ये तरघी या दुसऱ्या मंगोल सरदाराने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा अलाउद्दीन चितोडहून नुकताच परतला होता, त्याची दुसरी फौज वरंगळच्या फसलेल्या स्वारीत थकली होती आणि सुलतानाला सिरीच्या छावणीत खंदक खणून बसावं लागलं. दिल्ली वाचली आणि तिच्या सैनिकांनी प्राण दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या संरक्षणाचा खर्च कोणी सोसला? उपकार मानायला सांगणारे नेमका हाच प्रश्न टाळतात. दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने याचं उत्तर लिहून ठेवलं आहे. १३०३ च्या धक्क्यानंतर सुलतानाला मोठी खडी फौज हवी होती. स्वाराला वर्षाला २३४ टंके आणि जादा घोड्यासाठी आणखी ७८ टंके रोख द्यायचे ठरले. एवढ्या पैशात स्वाराचं भागावं म्हणून धान्य, कापड आणि घोडे यांचे भाव बांधून दिले. गंगा-यमुनेच्या दुआबातल्या शेतकऱ्याकडून निम्मं पीक सारा म्हणून घेतलं. आणि दक्षिणेच्या भरलेल्या खजिन्यांची दारं तर त्याने १२९६ मध्येच पाहून ठेवली होती.

इथे प्रतिपक्ष म्हणेल की १२९६ च्या लुटीशी मंगोलांचा संबंध नाही, ती सिंहासनासाठी होती. बरोबर आहे. कडा या आपल्या सुभ्याहून निघालेला अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. देवगिरीचा राजा रामदेवराव याच्याकडून उकळलेल्या सोन्याच्या बळावर त्याने चुलत्याला मारून तख्त मिळवलं. पण १३०७ चं काय? खंडणी थकली म्हणून सुलतानाचा सेनापती मलिक काफूर देवगिरीवर आला आणि रामदेवरावाला दिल्लीला घेऊन गेला. ‘रायरायान’ ही पदवी देऊन त्याला परत पाठवलं, आणि त्यानंतर वरंगळ, द्वारसमुद्र, मदुरा या साऱ्या स्वाऱ्यांना देवगिरीनेच रसद पुरवली. १३१३ मध्ये रामदेवरावाचा मुलगा शंकरदेव मारला गेला. १३१८ मध्ये त्याचा जावई हरपाळदेव याचा क्रूर वध झाला आणि राज्य संपलं. लक्षात घ्या, मंगोलांच्या मोठ्या स्वाऱ्या तोवर थांबल्या होत्या. धोका ओसरला, तरी त्या धोक्यासाठी उभी केलेली फौज आणि तिची भूक तशीच राहिली. राखणीच्या नावाखाली घरात शिरलेल्याने घरच बळकावलं, त्याला उपकार म्हणत नाहीत.

मेहकरला पैनगंगेच्या काठावर यादवकालीन म्हणून ओळखली जाणारी दगडी धर्मशाळा आहे. तिचे चौकोनी बुंध्याचे खांब, त्यांवर टेकलेल्या शिळांच्या तुळया आणि चुन्याशिवाय बसवलेले सांधे यांवरून हात फिरवून पाहा. अशी कामं उभी राहायला खजिना लागतो, कारागिरांच्या दोन-तीन पिढ्यांना सलग काम मिळावं लागतं. तो खजिना कुठे गेला, हे आता वेगळं सांगायला नको.

आता पहिल्या मताकडे वळू. मंगोल इथे आले नाहीत, पण त्यांची राज्य चालवण्याची पद्धत आली आणि आपल्या मुलखात मुरली. चंगीझखानाची फौज दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा तुकड्यांत बांधलेली होती. ही मोजणी त्याच्याआधीही गवताळ मैदानांतल्या टोळ्यांत होती, हे मला माहीत आहे. तिच्यावर साम्राज्य उभं केलं ते त्याने, आणि तैमूरचे वंशज मोगल येण्याआधीच ती हिंदुस्थानात पोचली होती. दौलताबादेत महंमद तुघलकाविरुद्ध उठून १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं करणारे ‘अमिरान-ए-सदा’ म्हणजे शंभरांवरचे सरदारच होते. पुढे अकबराची मनसबदारी दहापासून दहा हजारांपर्यंत चढत गेली.

हा अकबर आपली वंशावळ कुठे नेत होता? त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने अकबरनाम्यात ती आलंकुआ या मंगोल आदिमातेपर्यंत नेली आहे. १५९६ मध्ये अकबराच्या चित्रशाळेत चंगीझनाम्याची सचित्र प्रत पुरी झाली. त्याच वर्षी निजामशाहीतर्फे चांदबिबीने केलेल्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेलं. आइन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत मेहकर आहे, आणि लोणारच्या खारट पाण्याची, काच आणि साबण करण्याच्या जिनसांची नोंद आहे. आपलं लोणार मोगल दप्तरात चढलं ते या घराण्याच्या राज्यात.

पद्धत आली म्हणजे मंगोलांचं गुणगान करावं, असं नव्हे. त्यांनी व्यापाराचे रस्ते सुरक्षित केले, पूर्व आणि पश्चिम जोडली, असं कौतुक करणाऱ्या पुस्तकांचाही सध्या सुकाळ आहे. रस्ते जोडले, हे खरं. पण निशापूरच्या कत्तलीची त्यातून भरपाई होत नाही. कौतुक करताना ही बाजू वगळणाऱ्याला मी इतिहासकार मानणार नाही.

आता सिंदखेड. १६२१ मध्ये लखुजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. त्यांच्या घराण्याला मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वारांच्या मनसबी मिळाल्या. हे सांगताना वक्ते चाचरतात, म्हणून मी मुद्दाम सांगतो. देवगिरीचा वारसा सांगणाऱ्या घराण्यासमोर तेव्हा प्रामुख्याने दोन दरबार होते: बहमनीतून फुटलेला निजामशाहीचा आणि तैमूरवंशाचा. दोन्हींची फौज हजारांच्या हिशेबाने बांधलेली. राजे परत निजामशाहीत आले, आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, पूर्वजांच्या देवगिरीत, निजामशहाने त्यांना मुलांनातवांसह दग्याने मारलं.

त्यांच्या नातवाने, शिवाजी महाराजांनी, नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी, पंचहजारी अशी चढती श्रेणी स्वराज्याच्या फौजेत ठेवली. ही बांधणी बाहेरून आलेली होती, तरी महाराजांनी ती निःसंकोच वापरली. मात्र हुद्द्यामागे मुलूख तोडून देण्याची मोगली रीत त्यांनी नाकारली आणि पगार रोख दिला. आजोबांच्या घराण्याला ज्या जहागिरींनी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात फिरवलं, त्यांचं आमिषच त्यांनी आपल्या सरदारांसमोर ठेवलं नाही. जयंतीच्या व्यासपीठावरून लखुजीराजांची मनसब पुऱ्या आकड्यांनिशी सांगावी आणि लगेच ही गोष्टही सांगावी, अशी माझी मागणी आहे.