विश्लेषण : सिनेमाला इशाऱ्याची पट्टी, मग रीलला का नाही? मुलांचा मोबाइल आणि व्यसन यांचा संबंध काय?

चित्रपटात नायकाने सिगारेट पेटवली की पडद्याच्या तळाशी इशारा झळकतो. तोच प्रसंग उभ्या चौकटीत कापून, त्यावर गाणे चढवून अर्ध्या मिनिटाचे रील केले की इशारा गळून पडतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधील अनेक घरांत आईवडील लोकलने घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. तोवर फोन मुलाच्या हाती असतो आणि क्लासचा अभ्यासही व्हॉट्सॲपवरच आलेला असतो. त्यामुळे ‘फोनच काढून घ्या’ हा सल्ला चार दिवसांच्या पुढे टिकत नाही. मग टिकेल असे काय करता येईल?

पडद्यावर पाहून व्यसन लागते का?

नुसते पाहून लागत नाही. पण सतत पाहिल्याने ती गोष्ट रोजची आणि रुबाबाची वाटू लागते. दिल्लीतील १२ शाळांमधील सुमारे चार हजार मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी चित्रपटांतील तंबाखूची दृश्ये सर्वाधिक पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखू वापरण्याची शक्यता, सर्वांत कमी पाहिलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळली. अमेरिकेतील २००२ च्या एका अभ्यासात प्रौढांसाठीच्या चित्रपटांवर घरी कोणतेच बंधन नसलेल्या मुलांपैकी ३५ टक्के मुलांनी धूम्रपान करून पाहिले होते. पूर्ण बंधन असलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, एकमेव कारण सिद्ध होत नाही. जे पालक चित्रपटांवर लक्ष ठेवतात, ते इतर गोष्टींवरही ठेवत असणारच.

सुरुवात कोणत्या वयात होते?

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांनी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच ती पहिल्यांदा ओढली होती. म्हणजे हा विषय घरात दहावीला नव्हे, चौथीला निघायला हवा.

कायदा कुठे थांबतो?

चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील तंबाखूच्या दृश्यांसाठी इशाऱ्याचे नियम २ ऑक्टोबर २०१२ पासून, तर ओटीटीसाठी १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील कार्यक्रमांना वयोगटाचे वर्गीकरण सक्तीचे आहे. हे वर्गीकरण करताना अमली पदार्थ, मद्य आणि तंबाखूचे चित्रण विचारात घेतले जाते. ‘यू/ए १३+’ आणि त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणेही बंधनकारक आहे. मात्र हे नियम कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. कोणीही घरबसल्या टाकलेल्या रीलला ना वयोगट असतो, ना इशाऱ्याची पट्टी.

रीलमध्ये वेगळे काय?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे, चित्रपटातला नायक दूरचा असतो. रीलमधला मुलगा शेजारच्या कॉलेजातला वाटतो. दुसरी म्हणजे ॲपची रचना. मूल कोणत्या व्हिडीओवर किती सेकंद थांबले, काय पुन्हा पाहिले, मित्राला काय पाठवले, यावरून पुढचा व्हिडीओ ठरतो. धुराची वलये सोडणारा एक व्हिडीओ कुतूहलाने शेवटपर्यंत पाहिला, की तसेच आणखी समोर येऊ शकतात. मुलाने काहीही ‘सर्च’ केलेले नसते.

ई-सिगारेटचे उदाहरण घ्या. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. उत्पादन, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही पेन ड्राइव्ह किंवा हायलायटरसारखे दिसणारे, फळांच्या स्वादाचे ‘व्हेप’ मुलांना नावानिशी माहीत असते आणि पालकांना दप्तरात सापडूनही ओळखू येत नाही.

पालकांनी नेमके काय करावे?

- सेटिंग आधी तपासा. इन्स्टाग्रामची ‘टीन अकाउंट’ सुविधा भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. त्यात खाते खासगी राहते आणि १६ वर्षांखालील मुलांना बंधने सैल करण्यासाठी पालकांची परवानगी लागते. पण मुलाने खाते उघडताना वय वाढवून टाकले असेल तर ही बंधने लागू होतीलच असे नाही. आधी जन्मतारीख बघा.
- ओटीटीवर मुलाचे वेगळे प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा.
- आठवड्यातून एकदा मुलासोबत बसून त्याचे फीड पाहा. नको ते दिसले तर ओरडण्याऐवजी ‘नॉट इंटरेस्टेड’ कसे दाबायचे ते दाखवा. पुढे तेच त्याच्या कामी येईल.
- प्रश्न विचारा : ‘हा व्हिडीओ कोणी टाकला? त्याला यातून काय मिळते? यात काय दाखवलेले नाही?’ वेलचीच्या जाहिरातीत नट नेमके कोणाचे नाव विकतो, हे एकदा कळले की मूल पुढची जाहिरात स्वतःच ओळखते.
- घरातले मोठे जेवताना रील पाहत असतील, तर मुलासाठी केलेला नियम पाळला जाणार नाही.

मुंबईत ‘सलाम बॉम्बे फाउंडेशन’ २००२ पासून पालिका शाळांतील मुलांसोबत तंबाखूविरोधी काम करते. मुलांना नकार द्यायला शिकवणे हा त्याचा गाभा आहे. तोच सराव घरी ‘मित्राने पुढे केले तर काय म्हणशील?’ या एका प्रश्नाने करता येतो.

सुरुवात झालीच असेल तर?

मारहाण आणि फोन जप्ती यामुळे मूल बोलायचे थांबते आणि उपचार लांबतात. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. हे पोलिसांचे क्रमांक नाहीत. पश्चिम उपनगरात पालिकेच्या कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. विक्रेत्याची माहिती द्यायची असेल तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाची ‘मानस’ हेल्पलाइन १९३३ आहे. अल्पवयीन मुलाला तंबाखू, मद्य किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.