पोटावर पाय, तोंडावर कुलूप

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पंधरवड्याच्या आत तीन मराठी माणसांच्या खुर्च्या गेल्या. केंद्रातले गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख. आबा वर्षभरात त्याच खात्यात परत आले, तो भाग वेगळा. तिघांच्या जाण्याबद्दल मला हळहळ नाही. १६६ माणसं मेली होती, कुणीतरी जायलाच हवं होतं. मला प्रश्न पडतो तो चौथ्या खुर्चीचा. देशाचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोचे माजी प्रमुख, जानेवारी २०१० पर्यंत आपल्या जागी होते. तिथून ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले.

राजकारणी गेले, माजी अधिकारी राहिला. यात नारायणन यांचा वैयक्तिक दोष किती, हे मी सांगू शकत नाही. पण ते शोधण्याची सोयच आपण ठेवलेली नाही, एवढं नक्की सांगू शकते.

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद नोव्हेंबर १९९८ मध्ये निर्माण झालं. आजवर त्या जागी पाच माणसं आली. ब्रजेश मिश्रा, जे. एन. दीक्षित, एम. के. नारायणन, शिवशंकर मेनन आणि अजित डोवाल. तीन परराष्ट्र सेवेतले, दोन पोलीस सेवेतले. पाचही निवृत्त अधिकारी, एकही लोकांनी निवडून दिलेला नाही. २०१९ पासून या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आहे, पण मंत्र्याला असते ती कटकट नाही. खासदार त्यांना सभागृहात उभं करून प्रश्न विचारू शकत नाही, कारण ते सभागृहाचे सदस्यच नाहीत. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हेही माजी अधिकारीच. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र सचिव म्हणून निवृत्त झाले, मग काही काळ टाटा समूहात, आणि मे २०१९ मध्ये मंत्री. पण ते राज्यसभेत बसतात, उत्तरं देतात, ती आवडोत न आवडोत. म्हणजे माजी अधिकाऱ्यांच्या हाती देशाचं धोरण जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. चीनच्या वाटाघाटींत आयुष्य घालवलेला माणूस टेबलावर हवाच. फक्त त्या टेबलावर काय झालं, ते नंतर कुणीतरी विचारू शकलं पाहिजे.

अमेरिकेत काही सगळं आलबेल नाही, पण ९/११ नंतर तिथे चौकशी आयोग बसला. तेव्हाच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार काँडोलीझा राईस यांना पाठवायला व्हाइट हाऊस आधी तयार नव्हतं. शेवटी ८ एप्रिल २००४ ला त्यांनी शपथेवर, उघडपणे, कॅमेऱ्यांसमोर साक्ष दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये आयोगाचा अहवाल आला आणि तो दुकानात विकत मिळू लागला.

२६/११ नंतर आपण काय केलं? केंद्राने असा कुठलाही आयोग नेमला नाही. महाराष्ट्र सरकारने ३० डिसेंबर २००८ ला दोन माणसांची समिती नेमली. एक राम प्रधान, माजी केंद्रीय गृह सचिव. दुसरे व्ही. बालचंद्रन, महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी आणि 'रॉ'चे माजी विशेष सचिव. माणसं उत्तम निवडली होती. पण राज्याची समिती, त्यामुळे केंद्राच्या गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर. म्हणजे समुद्रातून येणाऱ्या धोक्याची खबर कुणाकडे होती, ती कुठे अडली, या साखळीचा वरचा अर्धा भाग तपासायचाच नाही. एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला गेला. तो विधिमंडळात आला डिसेंबरमध्ये, तोही आधी माध्यमांत फुटल्यावर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला तर दोन दिवसांत लिहून द्यावं लागतं, काय पडलं, कधी कळलं, कुणाला कळवलं, पुढे काय बदलणार. त्याला आम्ही आरसीए म्हणतो, आणि खरं सांगायचं तर ते लिहायचा सगळ्यांना कंटाळा आहे. कुणाचं पेमेंट अर्धा तास अडकलं म्हणून आम्ही एवढं लिहितो. ज्या सिस्टिममध्ये माणसं मेली, तिचा आरसीए अर्धाच लिहिला गेला आणि तोही आठ महिने कपाटात राहिला.

अधिकृत अहवाल असा अर्धा असेल, तर उरतात आत काम केलेली माणसं. ती निवृत्त होतात, लिहितात, बोलतात. राम प्रधान १९६२ नंतर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव होते. चव्हाणांनी १९६५ च्या युद्धाच्या काळात लिहिलेली रोजनिशी प्रधानांनी संपादित करून २००७ मध्ये प्रसिद्ध केली, बेचाळीस वर्षांनी. बालचंद्रन यांनी निवृत्तीनंतर राष्ट्रीय सुरक्षा आणि गुप्तचर व्यवस्थापनावर पुस्तकं लिहिली. पुण्यात राहिलेले माधव गोडबोले १९९३ मध्ये, बाबरी पडल्यानंतर काही महिन्यांत, केंद्रीय गृह सचिवपद मुदतीआधी सोडून बाहेर पडले आणि पुढे 'अपुरा डाव' हे आत्मकथन मराठीत आलं. सरकार आतून कसं चालतं, हे आपल्याला जे थोडंफार माहीत आहे ते अशा माणसांमुळे.

आता पुढचं वाचा. ३१ मे २०२१ ला केंद्र सरकारने पेन्शनच्या नियमात एक दुरुस्ती केली. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्था आहेत, तिथे काम केलेल्या कुणालाही निवृत्तीनंतर काही प्रसिद्ध करायचं असेल तर संस्थेच्या प्रमुखाची पूर्वपरवानगी हवी. कशासाठी? गुपितांसाठी परवानगी आधीपासूनच लागत होती. नव्या नियमात आलं ते असं : संस्थेच्या कार्यक्षेत्रातलं काहीही, तिथल्या कुणाही माणसाचा किंवा त्याच्या पदाचा उल्लेख, आणि तिथे काम करून मिळालेलं ज्ञान किंवा कौशल्य. नियम मोडला तर पेन्शन थांबू शकते. जुलै २०२३ मध्ये हीच अट आयएएस-आयपीएस वगैरे अखिल भारतीय सेवांच्या पेन्शन नियमांतही आली.

'काम करून मिळालेलं ज्ञान'. तीस वर्षं एका खात्यात काढलेल्या माणसाकडे दुसरं असतं काय? बालचंद्रन यांच्यासारखं पुस्तक आज कुणी लिहायला घेतलं तर परवानगी द्यायची 'रॉ'च्या विद्यमान प्रमुखाने. म्हणजे ज्याच्या कारभारावर टीका होऊ शकते, त्याच्याच सहीने टीका छापायची. आमच्याकडे आपलाच कोड आपणच अप्रूव्ह करू देत नाहीत, आणि तिथे फार तर एक बटण चुकीच्या जागी जातं.

हे दिल्लीचं प्रकरण आहे, आपल्याला काय, असं वाटत असेल तर ते दुसरं परिशिष्ट उघडून बघा. त्यात फक्त रॉ आणि आयबी नाहीत. डीआरडीओ आहे, सीआरपीएफ आहे, बीएसएफ आहे. दिघी आणि पाषाणच्या प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, तळेगावच्या सीआरपीएफ केंद्रात नोकरी केलेले अधिकारी, ही आपल्या सोसायट्यांमधली माणसं आहेत. गणपतीत व्याख्यान ठेवतो ती माणसं. त्यातल्या एखाद्याने नक्षलग्रस्त भागातल्या आपल्या नोकरीवर दिवाळी अंकात लेख लिहिला, तर तो नियमात बसतो का? ते ठरवणार संस्थेचा प्रमुख. पेन्शनीवर घर चालणारा माणूस कशाला धोका पत्करेल? त्याला गप्प करायला खटला भरावा लागत नाही. नियम आहे एवढं कळलं की पुरे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. सुरक्षेचा प्रश्न आहे, गुपितं फुटली तर जवान मरतात. रावेतमध्ये राहणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा रेड झोन आहे. त्याच्या पट्ट्यात आमच्या भागातल्या जमिनी येतात, तिथे बांधकाम करता येत नाही, आणि फ्लॅट बघायला गेलेला प्रत्येक जण आधी तोच प्रश्न विचारतो. हद्द नक्की कुठून मोजायची यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. तरीही लोक मानतात, कारण तिथे स्फोटकं आहेत हे त्यांना पटतं. आणि निदान अंतर ठरलेलं आहे, १९०३ चा कायदा आहे, नकाशा मागता येतो, कोर्टात जाता येतं. गुपितांसाठीही तसाच कायदा आहे, १९२३ चा शासकीय गुपिते कायदा, आणि तो भरपूर कडक आहे. पेन्शनचा नियम म्हणजे नकाशाच नसलेला रेड झोन. कुठे उभं राहिलं की आपण आत आहोत, ते सांगणाराच मालक.

गंमत अशी, की या नियमानंतर दोन आठवड्यांच्या आत, १२ जून २०२१ ला, संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास वेळेत लिहिण्याचं आणि कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांत खुली करण्याचं धोरण जाहीर केलं. छान धोरण आहे. पूर्वीच्या चुकांचं विश्लेषण व्हावं, अफवांना आळा बसावा, वगैरे. कारगिलनंतरच्या के. सुब्रह्मण्यम समितीने युद्धेतिहासाची मागणी केलीच होती. ती समिती स्वतः एक चांगलं उदाहरण आहे. अध्यक्ष माजी संरक्षण उत्पादन सचिव, युद्ध संपल्यावर तीन दिवसांत नेमणूक, आणि काही भाग वगळून का होईना, अहवाल २००० च्या सुरुवातीला संसदेसमोर. उलट १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, चव्हाणांनी संसदेत त्यावर निवेदन केलं, पण अहवाल सरकारने कधी प्रसिद्ध केला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा कुठे लोकांना वाचायला मिळाला. त्यात ज्या चौक्यांची चर्चा होती, त्यांचं गुपित चीनला १९६२ च्या ऑक्टोबरमध्येच कळलेलं होतं.

आता पुण्याचेच जनरल मनोज नरवणे. ज्ञानप्रबोधिनीचे विद्यार्थी, ३१ डिसेंबर २०१९ ते ३० एप्रिल २०२२ लष्करप्रमुख. गलवानमध्ये वीस जवान गेले ते त्यांच्या काळात. त्यांचं 'फोर स्टार्स ऑफ डेस्टिनी' हे आत्मचरित्र जानेवारी २०२४ मध्ये यायचं होतं. त्याआधी डिसेंबरमध्ये काही उतारे बातम्यांत आले आणि पुस्तक संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीत अडकलं. वरचा पेन्शन नियम मुलकी नोकरांचा आहे, लष्करप्रमुखाला तो लागू नाही; तरी परिणाम तोच. २०२५ मध्ये त्यांची कँटोन्मेंटमधल्या कटावरची एक थरारक कादंबरी मात्र आली. लष्करप्रमुखाने कल्पना लिहिली तर चालते.

त्या उताऱ्यांत अग्निपथबद्दल होतं. लष्कराने सुचवलेली योजना बरीच छोटी होती, जे आलं ते वेगळंच होतं, आणि नौदल-हवाई दलाला तर तो धक्काच होता, असा त्याचा आशय. हे चीनला कळू नये असं गुपित आहे का? ही माहिती साताऱ्यात, सांगलीत, बीडमध्ये पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणाऱ्या पोरांची आहे. चार वर्षांनी चौघांतले तिघे बाहेर पडतील ही अट कुणी घातली, कुणी विरोध केला, काय पर्याय होते. लष्करातली पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांचं गणित तुम्हीच करा. बाहेर पडलेल्यांतले काही आमच्या चाकण-तळेगावच्या गेटवर सिक्युरिटीच्या ड्रेसमध्ये दिसतील, आणि त्यांच्या आयुष्याचा निर्णय कसा झाला हे सांगू शकणारं पुस्तक तपासणीत असेल.

माजी अधिकाऱ्यांचं मी फार कौतुक करते आहे असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही. टीव्हीवर रोज रात्री मिशा पिळत 'घुसून मारा' सांगणारेही निवृत्तच आहेत. त्यांना कुणी पूर्वपरवानगी विचारल्याचं ऐकिवात नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि जे गंभीरपणे लिहितात, त्यातले बहुतेक इंग्रजीत लिहितात. पुण्यात माजी राजदूत, माजी सचिव, माजी सेनाधिकारी यांची कमी नाही. चर्चासत्रं होतात, निमंत्रणं जातात, चहा चांगला असतो. ज्ञानेश्वर मुळे यांच्यासारखा परराष्ट्र सेवेतला माणूस सातत्याने मराठीत लिहितो तेव्हा तो अपवाद वाटतो, हीच अडचण आहे. मराठीत चीनबद्दल वाचायचं तर व्हॉट्सॲप, नाहीतर यूट्यूबवरचा लाल बाण. जिथे नियम आडवा येत नाही, तिथेही या मंडळींनी भाषेचं कुंपण घालून घेतलंय. त्याचा दोष सरकारला देता येणार नाही.

पण नियमाचा देता येतो, आणि तो बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. परवानगी संस्थेच्या प्रमुखाकडे नको, बाहेरच्या मंडळाकडे द्या. त्यात एक निवृत्त न्यायाधीश असू दे. साठ दिवसांत उत्तर, नाहीतर परवानगी मिळाली असं धरायचं. नकार असेल तर कोणतं पान, कोणतं वाक्य, कोणत्या कारणासाठी, ते लेखी. त्यावर अपील. 'ज्ञान आणि कौशल्य' हे शब्द काढून टाका. आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने वर्षातून एकदा संसदेच्या समितीसमोर बसावं, हवं तर बंद दाराआड.

रावेत मावळ लोकसभा मतदारसंघात येतं. या संस्था माहिती अधिकारातून जवळजवळ वगळलेल्या आहेत, त्यामुळे आपण अर्ज करून फार काही हाती लागणार नाही. खासदार मात्र कार्मिक मंत्रालयाला प्रश्न विचारू शकतो. मी आमच्या खासदारांना पाठवते आहे तो प्रश्न असा, हवा तर कॉपी करून तुमच्या खासदारांना पाठवा : ३१ मे २०२१ पासून आजपर्यंत या नियमाखाली परवानगीचे किती अर्ज आले, त्यातले किती मंजूर आणि किती नामंजूर झाले, सर्वांत जुना प्रलंबित अर्ज किती दिवसांचा आहे, आणि या नियमाखाली किती जणांची पेन्शन थांबवली गेली?