पॅनेलवरचा वकील बँकेचा, तुमचा नव्हे

‘गृहकर्ज देताना बँकेचा वकील कागदपत्रे तपासतोच, मग वेगळा वकील कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. पॅनेलवरच्या वकिलाची फी बहुधा कर्जदारच भरतो, पण त्याचा शोध अहवाल बँकेसाठी असतो. तारण भक्कम आहे ना, एवढेच तो पाहतो. ताब्याची तारीख, पार्किंग, विलंबाचे व्याज ही कलमे आपल्या बाजूने वाचणारे कोणी नसते.

न्हावा शेवा परिसरात, उलवे-द्रोणागिरीत तर जास्तच जपायला हवे. इथले बरेच भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्याचे. साडेबारा टक्के योजनेतला भूखंड प्रकल्पग्रस्ताकडून त्रिपक्षीय कराराने बिल्डरकडे जातो. त्यात एका वारसाची सही राहिली तरी वाद सदनिकाधारकांच्या दारात येतो. म्हणून टोकन देण्यापूर्वीच ३० वर्षांचा शोध, इंडेक्स-२, सिडकोची ना-हरकत आणि महारेराच्या संकेतस्थळावरचा मालकीहक्काचा अहवाल स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.

सदोष मालकीहक्कासाठी रेरा कायद्याच्या कलम १८(२) नुसार बिल्डरकडून भरपाई मागता येते, त्याला मुदतीची आडकाठीही नाही. पण हक्काच्या घरासाठी खेटे घालण्यापेक्षा वकिलाची फी केव्हाही परवडते.

– एक वाचक, न्हावा शेवा