टेबल, कपाट आणि रॅमची पट्टी

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत तीन जुने संगणक आहेत. एका कचेरीने मोडीत काढले, ते आम्ही मागून आणले. मुलांनी शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला की तासभर चक्र फिरत राही. कोणी म्हणाले, रॅम वाढवा. आम्ही घरोघरी वर्गणी काढून दुकानातून पट्टी आणली. ती बसेना, दुकानदार परत घेईना. आयाबहिणींनी धुणीभांडी करून दिलेला पैसा होता तो! आमच्या अज्ञानाची ही किंमत दुसऱ्या विहाराला पडू नये, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही कारकून, उदाहरण कचेरीचेच देतो. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे टेबल. चालू कामाचे कागद टेबलावर असतात. टेबल लहान असले की दर कागदाला कपाटाकडे धावावे लागते. संगणक रेंगाळतो तो बहुधा यामुळेच.

रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर-३ पट्ट्या २००७ च्या सुमारास आल्या, डीडीआर-४ २०१४ मध्ये. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत बसत नाही. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना, लांबीही सारखीच. मात्र खाचेची जागा वेगळी आणि विजेचा दाबही वेगळा, १.८ व १.५ व्होल्ट. आम्ही फसलो ते इथेच. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, खोबणी तुटेल.

मग करावे काय? संगणक बंद करून वायर काढा. पेटीच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. दोन्ही कडांच्या पकडी सोडवून जुनी पट्टी काढा आणि तीच दुकानात न्या. तिच्या चिठ्ठीवर सर्व लिहिलेले असते. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर-३, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर-४. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती इथे चालत नाही. सर्व्हरची स्वस्त मिळणारी ‘रजिस्टर्ड’ पट्टीही घरगुती संगणकात बहुधा चालत नाही. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो तेही विचारा. घरगुती विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते.

दुसऱ्या खेपेस आम्ही जुनी पट्टी दाखवून, पावतीवर ‘न चालल्यास परत’ असे लिहून घेऊन जोडीची पट्टी आणली. २ चे ४ जीबी झाले. त्याच आठवड्यात मुलांचे अर्ज भरून झाले.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांचा कालामांना उपदेश. तो दुकानाच्या पायरीवरही लागू आहे, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

जयभीम!