उलटें कोरावें, सुलटें छापावें

मुलांच्या हातीं कोरणी द्यावी कीं नाहीं, असा प्रश्न आम्हांस पालक वारंवार विचारतात. आमच्या मतें बारा वर्षांच्या मुलास, आणि मुलीसहि, ती अवश्य द्यावी. मात्र चांगली धार लावून. बोथट कोरणीस जोर करावा लागतो आणि तीच निसटते. डावा हात नेहमीं पात्याच्या मागें असावा, हा पहिला धडा.

आरंभास लांकडापेक्षां लिनोलियम बरें. त्यास शिरा नसल्यानें कोरणी सर्व दिशांस सारखी चालते. थोडा वेळ उन्हांत ठेवल्यास तें मऊहि पडतें.

खरी कसोटी बुद्धीची. कोरलेलें पांढरें राहतें, राखलेलें उमटतें; शिवाय उजवें तें डावें होतें. येथें नाव कोरतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते! नाव पातळ कागदावर लिहून तो पालथा घालावा व गिरवावें. शाई रुळानें पातळच लावावी, नाहींतर बारीक रेषा बुजतात. यंत्र नको, कागदाची पाठ लांकडी चमच्यानें घोटली कीं पुरे.

नंदलाल बसूंनीं १९३० सालीं दांडीयात्रेचे गांधीजी लिनोलियमवरच कोरले : काळ्या भूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा. तें चित्र मुलांपुढें ठेवून विचारावें, ‘यांत कोरणी कोठें फिरली?’ उत्तर बरोबर आलें कीं नवा तुकडा द्यावा.